महिला किनाऱ्यावर प्रवेश मिळणेबाबत

राजाभाऊ टिपणीसांना डिप्रेशन आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा राजाभाऊंना आधी अपमान झाल्यासारखंच वाटलं. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला डिप्रेशन हा शब्द एकाच अर्थाने माहीत होता : बंगालच्या उपसागरात तयार होणारा कमी दाबाचा पट्टा. तो आला की धरणाचे दरवाजे उघडायचे की नाही यावर वरून तारा यायच्या आणि राजाभाऊ त्या फायलीला लावायचे. तो पट्टा आता शारजात, रोल्लाच्या गजबजाटात, एका पाचव्या मजल्यावर आपल्या बरगडीखाली येऊन बसलाय, हे त्यांना पटेना.

"मला काहीही झालेलं नाही," ते निनादला म्हणाले. "मी फक्त खिडकीत बसतो."

"बाबा, तुम्ही दिवसभर खिडकीत बसता. आणि खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगचा एसी आहे."

"मग? चालू असतो की तो."

आई गेल्यावर निनादनेच वडिलांना पुण्याहून आणलं होतं. इथे नातीच्या सहवासात ते रमतील असा त्याचा अंदाज होता. नात सहा वर्षांची, नाव शुभ्रा. आजोबा मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही समोरचा आपल्याला टाळतोय असं वाटायचं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. त्यांनी राजाभाऊंना दवाखान्यातल्या विनिता मॅडमकडे पाठवलं. विनिता मॅडम मूळच्या दादरच्या, त्यामुळे निदान अपमान तरी मराठीत होईल असं राजाभाऊंना वाटलं. मॅडमनी त्यांच्या हातात एक पुस्तिका ठेवली. त्यात धडे होते. बालपण, तारुण्य, नोकरी, सहजीवन, असे. प्रत्येक धड्यात प्रश्न. घरी बसून आपलं आयुष्य ओळीने आठवायचं, उत्तरं लिहायची, जमेल तर कुणाला तरी मोठ्याने सांगायची. आठवड्यातून एकदा मॅडम फोन करणार आणि कुठे अडलं ते बघणार.

"म्हणजे उपचार मीच करायचा?" राजाभाऊंनी विचारलं.

"तुम्हीच, काका. मी फक्त सोबत."

"मग फी कसली?"

"पुस्तिका फुकट आहे."

दिरहॅमचे रुपये करायची संधी हुकल्यामुळे राजाभाऊ आणखी खट्टू झाले. पण कागद समोर आला की तो भरून पुढे सरकवायचा, ही सवय पस्तीस वर्षांची. त्याच संध्याकाळी त्यांनी बालपण हातावेगळं केलं.

पुढच्या आठवड्यात फोनवर त्यांनी ते वाचून दाखवलं. "प्रश्न पहिला : लहानपणीच्या घराचा वास आठवतो का? उत्तर : सदर घरास वास नव्हता. प्रश्न दुसरा : आईची एखादी आठवण. उत्तर : मातोश्री स्वभावाने कडक होत्या. अधिक माहिती उपलब्ध नाही."

विनिता मॅडम म्हणाल्या, "काका, हा अहवाल झाला."

"अहवालच मागितलाय ना?"

"आठवण मागितलीय. असं करा, लिहू नका. कुणाला तरी सांगा. घरात कोण ऐकेल?"

हा प्रश्न पुस्तिकेतल्या सगळ्या प्रश्नांहून अवघड होता. निनाद दुबईहून ट्रॅफिकमधून यायचा तो थेट सोफ्यावर आडवा व्हायचा. सून अस्मिता ऑफिसातून येऊन स्वयंपाकाला लागायची, ती मनापासून ऐकायची, पण "हं" म्हणताना तिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असायचं. राहिली शुभ्रा. राजाभाऊंनी तिला समोर बसवून, आपण सातवीपर्यंत अनवाणी शाळेत गेलो, ही गोष्ट मोठ्या रंगतीने सांगितली. शुभ्राने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "आजोबा, डिड समवन स्टील युअर शूज?"

तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या मैमुनाबी पुढे आल्या. मैमुनाबी हर्णैच्या. नवरा वलीभाई तीस वर्षं इथल्या बंदरावर कारकून. मुलं कॅनडात. घरात आवाज म्हणून टीव्ही लावून ठेवायच्या. त्यांचं मराठी खास किनारपट्टीचं होतं आणि कुतूहल अख्ख्या मजल्याला पुरेल एवढं.

"राजाभाऊ, माझ्याकडं येऊन बोला. मला कायबी कळत नाय असं समजून बोला."

राजाभाऊ बोलू लागले. आणि नवल म्हणजे, समोर बाई चहाचा कप धरून "मंग?" म्हणत बसल्यावर मातोश्रींबद्दल अधिक माहिती उपलब्ध होऊ लागली. त्या संक्रांतीला गुळाचा खडा पदराच्या गाठीत लपवायच्या आणि मार दिल्यावर तो द्यायच्या, हे राजाभाऊंना पन्नास वर्षांत आठवलं नव्हतं. घरालाही वास होता. रॉकेलचा आणि ओल्या घोंगडीचा. त्या दिवशी ते खिडकीत बसायचं विसरले.

इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण वलीभाईंना वाटलं की राजाभाऊंच्या तारुण्यात मसाला कमी आहे. "कॉलेजात एखादी मारामारी तरी?" असं ते आडून विचारायचे, आणि नाही म्हटलं की "घाला एक, कोण बघायला येतंय" असा सल्ला द्यायचे. वरच्या मजल्यावरचे एक सिंधी गृहस्थ नोकरीच्या धड्याला आले आणि रजेच्या नियमांवरून वाद घालू लागले. त्यांच्यामागून त्यांच्या आई आल्या. त्यांना कुठलीच भाषा नीट ऐकू यायची नाही, पण योग्य ठिकाणी सुस्कारा टाकायच्या. हळूहळू प्रत्येकाला स्वतःचं बालपण सांगायची उबळ येऊ लागली, आणि मैमुनाबींच्या दिवाणखान्यात जागा पुरेना म्हणून खुर्च्या बाहेर पॅसेजमध्ये आल्या.

खुर्च्या पॅसेजमध्ये आल्या तसा वॉचमन अजीज वर आला. "साब, इधर बैठना मना है. ऑफिस से परमिशन लाओ."

परमिशन हा शब्द ऐकताच राजाभाऊंच्या पाठीचा कणा सरळ झाला. कित्येक महिन्यांनी त्यांच्या ओळखीचं काहीतरी घडत होतं. इमारतीच्या ऑफिसात ते स्वतः गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "क्या प्रोग्राम है?"

"अपना-अपना लाइफ याद करने का है."

"रिलीजियस है?"

"नहीं."

"बिझनेस?"

"बिलकुल नहीं."

"बर्थडे?"

राजाभाऊ क्षणभर विचारात पडले. "एक तरह से," ते म्हणाले. पण खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी लगेच खुलासा केला आणि सगळं बिघडवलं. यातलं काहीच नसेल तर परमिशन कुठल्या प्रकारात द्यायची, हे त्या माणसाला सुचेना, आणि परमिशन देता येत नसेल तर बसता येत नाही, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. "खलास," तो म्हणाला. राजाभाऊंना त्याचा राग आला नाही. आपणही शेतकऱ्यांना असंच परत पाठवत होतो, हे नोकरीच्या धड्यात सांगायचं राहून गेलं, एवढं मात्र त्यांच्या मनात येऊन गेलं.

खुर्च्या आत गेल्या. मंडळी पांगली. चौथ्या धड्याला, म्हणजे सहजीवनाला, फक्त मैमुनाबी आणि वलीभाई उरले होते.

राजाभाऊंनी घसा साफ केला. "एकोणीसशे पासष्ट साली आमचा विवाह झाला. अडुसष्टला स्कूटरसाठी नंबर लावला. तो त्र्याहत्तरला लागला. गॅसचं कनेक्शन त्र्याहत्तरच्याच डिसेंबरात. जागेचं म्हणाल तर सोसायटीचा प्लॉट..."

स्कूटरच्या नंबरपासून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत राजाभाऊ रंगून बोलले. वलीभाई मान डोलवत होते. मैमुनाबींचा चहा मात्र कपातच राहिला.

"राजाभाऊ," त्या म्हणाल्या, "ह्याच्यात सुचित्राभाभी खय हाय?"

"म्हणजे काय? हे सगळं तिच्याबरोबरच झालं की."

"ती सांगा ना मंग. ती काय म्हनायची, कशाला हसायची?"

राजाभाऊ आठवू लागले. सुचित्रा म्हटल्यावर त्यांना तिची पाठ दिसत होती, ओट्याकडे तोंड केलेली. ती हसायची. नक्की हसायची. कशाला, ते काही येईना.

"स्वभावाने शांत होती," ते शेवटी म्हणाले. "कशाची आवड अशी नव्हती तिला. पाण्याची तर भीतीच. आम्ही एकदा अलिबागला गेलो होतो तर किनाऱ्यावर चपला सांभाळत बसली."

मैमुनाबींनी वलीभाईंकडे पाहिलं. वलीभाईंनी छताकडे.

"भीती?" मैमुनाबी म्हणाल्या. "अवो, शुभ्राच्या टायमाला भाभी इथं तीन महिने व्हती ना. दर सोमवारी आम्ही जायचो. तो बायकांचा किनारा हाय ना, भिंतवाला, थितं. माझा सलवार-कमीज घालून उतरायची ती. पार दोरीपर्यंत पोहत जायची. थितली पहाऱ्याची बाई शिट्टी मारून मारून दमायची, पन भाभी पाठीवर पडून ऱ्हायची पाण्यात. हातबी हलवायची नाय. मला तर पोहता येत नाय, मी काठाला बसून बोंबलायची, भाभी परत ये, भाभी परत ये! आनि ती हसायची. केवढ्यानं हसायची ती."

राजाभाऊ उठले. "तुमची काहीतरी गल्लत होतेय," असं अत्यंत सभ्यपणे म्हणून ते घरी आले आणि दार लावून घेतलं.

नातीच्या जन्माच्या वेळी ते स्वतः आले नव्हते. ऑडिट होतं. सुचित्रा एकटी आली होती, आयुष्यात पहिल्यांदाच एकटी कुठे गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोनकार्ड खरवडलं आणि मिरजेला मेहुणीला, गिरिजेला, फोन लावला. तब्येतपाणी झालं. मग त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "सुचित्राला पोहता यायचं का गं?"

"भावोजी, काय विचारताय?" गिरिजा हसलीच. "ताई पुरात कृष्णेत उडी टाकायची. तिच्यापुढे मुलगे माघारी फिरायचे. बाबांनी लग्न ठरल्यावर बंद केलं."

"मग अलिबागला चपला का सांभाळत बसली?"

"तुम्ही सांभाळायला सांगितल्या असतील."

कार्डातली मिनिटं अजून शिल्लक होती. राजाभाऊंनी फोन ठेवून दिला.

त्या आठवड्यात विनिता मॅडमचा फोन आला तेव्हा ते बाथरूममध्ये असल्याचं अस्मिताला सांगावं लागलं. ते पुन्हा खिडकीत बसू लागले. समोरचा एसी चालू होता. पण आता बसण्यात पूर्वीसारखी शांतता राहिली नव्हती. सुचित्राने इथून केलेला एक फोन त्यांना राहून राहून आठवत होता. "अहो, आज मी समुद्रात गेले होते," असं ती म्हणाली होती. पुढे आणखी काहीतरी सांगणार होती. आणि मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून आपण मध्येच विचारलं होतं, की गॅसचं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवलंयस. तिने सांगितलं होतं. वरच्या कप्प्यात. तेवढंच बोलणं झालं होतं.

चार दिवसांनी ते समोरच्या दारात उभे राहिले. "मला ती जागा बघायचीय."

"बायकांचा किनारा हाय, राजाभाऊ. पुरुषमानसाला आत घेत नाय."

"रीतसर अर्ज केला तर घेतील. पाच मिनिटांचं काम. बाहेरच्या बाजूने पाहणी."

वलीभाईंनी डोक्याला हात लावला, पण गाडी काढायचं कबूल केलं. निनादला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, प्लीज. इथे असले अर्ज नसतात." अस्मिताने मात्र सासऱ्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला.

अर्ज अरबीत हवा होता. रोल्लातल्या एका टायपिंगच्या दुकानात अहमद नावाचा माणूस बसायचा. व्हिसापासून घरभाड्याच्या तक्रारीपर्यंत काहीही हिंदीत सांगा, तो अरबीत टाइप करून द्यायचा. राजाभाऊंनी खात्यातल्या शिस्तीने सुरुवात केली.

"विषय लिखो. महिला किनारे पर प्रवेश मिलने बाबत. महोदय, मेरी दिवंगत पत्नी..."

"दिवंगत क्या होता है?" अहमदने विचारलं.

राजाभाऊ थांबले. त्याचा सोपा हिंदी शब्द त्यांना ठाऊक होता. कुणालाही ठाऊक असतो. पण दोन वर्षांत तो त्यांनी एकदाही तोंडातून काढला नव्हता. घरात 'आई गेल्यावर' म्हणत, फोनवर 'ते झाल्यानंतर' म्हणत. आता एका अनोळखी दुकानात, मागे लोक रांगेत उभे असताना, तो काही ओठांवर येईना.

"मतलब... चली गयी."

"कहाँ चली गयी?"

"वो... समुंदर पर आती थी. उधर औरतों का जो है, उसमें. अब चली गयी. मेरेको खाली उधर जाके देखने का है."

अहमदने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि भराभर टाइप केलं. "इन्शाल्ला मिल जायेगी," तो म्हणाला. परवानगीबद्दल बोलतोय असं समजून राजाभाऊंनी त्याचे आभार मानले.

सोमवारी दुपारनंतर वलीभाईंची जुनी गाडी किनाऱ्याच्या भिंतीशी थांबली. भिंत उंच होती. पलीकडून बायका-मुलांचा कालवा आणि त्याच्यामागे पाण्याचा आवाज येत होता. मैमुनाबी आत निघाल्या. "मी जाऊन बघते, तुमच्यासाठी डोळे भरून बघते, बास?" असं सांगून गेल्या. वलीभाई गाडीतच बसून राहिले. आपला या माणसाशी संबंध नाही असं दिसावं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

फाटकावरच्या खिडकीत निळ्या गणवेशातली, जाडजूड, त्रासलेली बाई बसली होती. छातीवरच्या पट्टीवर जहांआरा हे नाव होतं. राजाभाऊंनी शर्ट नीट केला, अर्ज दोन्ही हातांनी पुढे केला आणि अदबीने उभे राहिले. जहांआराने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि तिचा चेहरा बदलला.

"अंकल, आप पहले क्यूँ नहीं बोले? कब गयी अंदर?"

"कौन?"

"आपकी बीवी. इसमें लिखा है, बीवी औरतों के बीच पर गयी, वापस नहीं आयी, शौहर ढूँढने आया है."

राजाभाऊंच्या ध्यानात सगळा घोटाळा एकदम आला. अहमद, ते दुकान, तो शब्द. "नहीं नहीं, वैसा नहीं," ते म्हणू लागले, "वो चली गयी मतलब..."

"तैरने जाती हैं, टाइम का होश नहीं रहता. नाम बोलिये, नाम."

नाव विचारल्यावर सांगायचं, एवढं सरकारी शिक्षण त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. "सुचित्रा," ते म्हणाले. "सुचित्रा राजाराम टिपणीस."

पुढचं काही बोलायच्या आत जहांआराने माइक ओढला, बटण दाबलं, आणि भिंतीपलीकडच्या सगळ्या कर्ण्यांतून तिचा आवाज गेला. आधी अरबीत. मग हिंदीत. "सुचित्रा टिपनीस, सुचित्रा टिपनीस, जहाँ भी हों, गेट पर आइये. आपके शौहर बाहर इंतज़ार कर रहे हैं."

आतला कालवा किंचित कमी झाला. एखादं पोर ओरडलं, गप्प झालं. तेवढा वेळ पाण्याचाच आवाज ऐकू आला.

राजाभाऊंना सांगायचं होतं की बाई, थांबा, चूक झाली. त्यासाठी एकच शब्द पुरला असता. पण तिचं नाव असं मोठ्याने, समुद्रावर, कुणी घेतल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. स्वतः तर त्यांनी तिला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. "अगं" म्हणायचे, नाहीतर "ऐकलंस का."

फाटकातून बायका बाहेर पडत होत्या. ओल्या केसांच्या, मुलांना ओढत, हसत, पिशव्या सांभाळत. राजाभाऊ प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. हे वेडेपण आहे, हे त्यांना पुरतं कळत होतं. तरी बघत होते.

"नहीं आयी," जहांआरा म्हणाली. "फिर बोलूँ?"

राजाभाऊंनी मान हलवली. "एक बार और बोलिये."

तिने पुन्हा पुकारा केला. पुन्हा कुणी आलं नाही. आल्या त्या मैमुनाबी, वाळूतून धावत, चपला हातात, चेहरा आसवांनी भरलेला. "राजाभाऊ, ह्ये काय करून ठेवलंव!" एवढंच त्यांना बोलता आलं, आणि त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या. गाडीत वलीभाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं.

जहांआराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दिवसभर हरवलेल्या पोरांचे पुकारे करून तिचा घसा बसला होता.

"ये औरतें भी ना," ती वैतागून म्हणाली. "पानी में गयीं तो आदमी को घंटों खड़ा रखती हैं. इतनी देर कोई लगाता है?"

"नहीं जी," राजाभाऊ म्हणाले. "उसने नहीं लगाया. देर मेरेको हुआ."